वाळू चाळणारे सोबती

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, एआयवर आता प्रत्येकाच्या फॅमिली ग्रुपवर एक काका रोज बोलतायत, त्यात माझी भर कशाला? मला वाळूवर बोलायचंय. पलीकडून जरा वेळ आवाजच आला नाही. मग हळूच प्रश्न आला, "बांधकामाच्या वाळूवर का?"

नाही. फिशटँकमधल्या वाळूवर, आणि ती वाळू चाळून पोट भरणाऱ्या प्राण्यांवर. माझ्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. अशा टाकीसाठी वाळू साफ ठेवणारे प्राणी कसे निवडायचे, हा गेली चार वर्षं माझ्या डोक्यात असलेला विषय आहे. ज्यांना मासे फक्त ताटात आवडतात त्यांनीही ऐकावं, कारण बोलता बोलता आपण शाळेकडे येणारच आहोत.

देवळाली कॅम्पात वाढलेल्या मुलीला समुद्राचं वेड कुठून लागलं, असं मला घरी सगळे विचारतात. आपल्याकडे टेकड्या, दारणा नदी, लॅम रोडवरची सॅनिटोरियम आणि तोफखान्याच्या सरावाने हादरणाऱ्या खिडक्या. समुद्र हा शब्द आपल्याला नेहमी दिसायचा तो स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर, समुद्रसपाटीपासूनची उंची सांगताना. मग मुंबईच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं. १९५१ साली सुरू झालेलं, मरीन ड्राइव्हवरचं. अर्ध्या वर्गाला तिथले कासव आठवतील. मला आठवतो तो टाकीच्या तळाशी वाळूत बसून तोंडाने वाळू उडवणारा एक मासा. सगळे पुढे गेले तरी मी तिथेच उभी होते आणि बाईंनी माझी वेणी धरून मला ओढून नेलं होतं. बाई समोरच बसल्या आहेत आणि हसतायत, म्हणजे त्यांनाही आठवतंय.

आता पुण्यातल्या माझ्या टाकीबद्दल. ती १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ५० उंच आहे. गुणाकार केला तर २७० लिटर होतात, पण दगड आणि वाळू वजा जाता पाणी साधारण २२० लिटर. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. म्हणजे टाकी पहिल्यांदा भरताना मी पावणेआठ किलो सागरी मीठ पाण्यात विरघळवलं. हे आपलं स्वयंपाकाचं मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असं सगळं असतं. रोज थोडं पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मात्र टाकीतच राहतं. म्हणून घट भरून काढायची ती गोड्या, गाळलेल्या पाण्याने. मिठागराचा धडा ज्यांनी लक्ष देऊन वाचला होता त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तळाशी चार सेंटिमीटर जाडीचा वाळूचा थर आहे, साधारण तीस किलो. ही दारणेची वाळू नाही. आपल्या नद्यांची वाळू काळ्या पाषाणाची असते. टाकीत घालतात ती वाळू कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्यापासून होते तशी.

ही वाळू पहिल्या दिवशी पांढरीशुभ्र असते. मग तिच्यावर उरलेलं अन्न पडतं, माशांची विष्ठा पडते, तपकिरी शेवाळाची साय धरते. यातलं बरंचसं काम जिवाणू करतात. विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. वाळूच्या खोल थरात, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथे दुसरे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. पण वाळू कधीच हलली नाही आणि तिच्यात घाण साचत गेली तर ती घट्ट बसते. काचेतून आत काळे डाग दिसायला लागतात. ती वाळू उकरली तर सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रयोगशाळेतलं किपचं उपकरण आठवतं का? तोच हायड्रोजन सल्फाइड. त्या दिवशी सगळा वर्ग नाकाला रुमाल लावून बसला होता. टाकीतल्या माशाकडे रुमाल नसतो, आणि त्याच्यासाठी तो वायू विष आहे.

म्हणजे वाळू अधूनमधून हलायला हवी. एक मार्ग म्हणजे आपण स्वतः नळी घालून ती धुवायची. दुसरा म्हणजे वाळू चाळणारे प्राणी आणायचे. दुकानात या प्राण्यांना 'क्लीनअप क्रू' म्हणतात, म्हणजे सफाई पथक. नाव मोठं सोयीचं आहे, आणि माझी हरकत नेमकी त्या नावालाच आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांनी कोकणातल्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर पसरलेल्या बारीक बारीक गोळ्या पाहिल्या असतील. कोणीतरी रांगोळीचे ठिपके काढल्यासारख्या, एका बिळाभोवती ओळीने मांडलेल्या. ते काम नखाएवढ्या खेकड्यांचं. ते वाळू तोंडाशी नेतात, कणांवर चिकटलेलं सूक्ष्म अन्न काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. भरती आली की गोळ्या विरघळतात, आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा ताट मांडलेलं असतं. आपल्याला वाटतं खेकडा किनारा साफ करतोय. तो जेवतोय. साफसफाई ही त्याच्या जेवणातून आपोआप होणारी गोष्ट आहे.

वाळू चाळणाऱ्या प्रत्येक प्राण्याचं हेच आहे. आणि म्हणून दुकानात उभं राहिल्यावर 'हा किती साफ करतो' हा प्रश्न उपयोगाचा नाही. आपल्या शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी होत्या. मधली सुट्टी झाली की बाई वर्गातून बाहेर पडता पडता पहिली चौकशी करायच्या, "मावशी, जेवलात का?" वर्ग नीट झाडला का, हे त्यानंतर. हा 'जेवलात का' मला टाकीसमोर फार कामाला आला. हा प्राणी माझ्याकडे आज काय जेवणार, सहा महिन्यांनी काय जेवणार, आणि कोणाच्या ताटातलं जेवणार?

ऑफिसात मी दर महिन्याला दोन-चार मुलाखती घेते. तशाच या उमेदवारांच्या घेतल्या.

पहिला उमेदवार, वाळूतला तारामासा. शास्त्रीय नाव अ‍ॅस्ट्रोपेक्टेन. माझ्या मुलीचा हा पहिल्यापासून लाडका. दिसायला देखणा, पाच हातांचा, कडेला कंगव्यासारखे काटे. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हा घ्या, वाळू एकदम पांढरी ठेवतो." मी विचारलं, खातो काय? तो म्हणाला, "काही घालावं लागत नाही. वाळूतलंच खातो."

ते वाक्य खरं आहे, आणि तीच अडचण आहे. वाळूत असतं काय? बारीक किडे, काटेरी अळ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोळंबीचे चुलते, इवल्या गोगलगाई. रात्री दिवे बंद करून काचेला टॉर्च लावला की ही सगळी वस्ती बाहेर आलेली दिसते. उरलेलं अन्न कुरतडणारे, वाळूत वाटा पाडून तिला श्वास घ्यायला लावणारे हेच. टाकीचे खरे झाडूवाले हे. तारामासा यांनाच खातो. त्याच्या पायांना इतर तारामाशांसारख्या चूषक चकत्या नसतात. टोकदार पायांनी तो वाळूत बुडी मारतो आणि छोटी गोगलगाय असेल तर सबंध गिळतो. म्हणजे झाडूवाल्यांना खाणारा झाडूवाला आपण पगारावर ठेवतो.

पुढचा हिशोब सोपा आहे. माझ्या टाकीचा तळ अर्धा चौरस मीटर. दगडांनी व्यापलेली जागा सोडली तर उरते ती आपल्या वर्गातल्या बाकाच्या फळीएवढी. समुद्रात हा प्राणी मोकळ्या वाळूवर फिरत राहतो. इथे त्याला एक बाक. काही आठवड्यांत बाक रिकामा होतो. त्यानंतर वाळू खरंच पांढरी दिसते, आणि आत कोणी उरलेलं नसतं. तारामासा मग महिनोन्‌महिने सावकाश उपाशी मरतो. ओरडत नाही, तडफडत नाही. एक दिवस हाताचं टोक झडतं, मग दुसरं. तोपर्यंत मालक समजतो की छान चाललंय. मुलीला मी हे सगळं कागदावर आकृती काढून दाखवलं. ती रुसली, दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मग त्याला समुद्रातच राहू दे." तारामासा आमच्याकडे आला नाही.

दुसरी उमेदवार, समुद्री काकडी. नावावर जाऊ नका, हा प्राणी आहे, तारामाशाच्याच नात्यातला. वाळू खातो, तिच्यातलं सेंद्रिय काढून घेतो आणि स्वच्छ वाळू मागे टाकतो. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, हे वाक्य आपण किती वेळा लिहिलंय! डार्विनने १८८१ साली गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यांच्यामुळे जमीन कशी घडते यावर. समुद्री काकडी हे समुद्रतळाचं गांडूळ समजा. काम उत्तम. पण तिलाही लहान टाकीत पुरेसं खाणं मिळत नाही. ती मेली किंवा पंपात अडकली तर तिच्या अंगातलं विष पाण्यात उतरून सगळी टाकी मरू शकते. आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. भारतात २००१ पासून समुद्री काकड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. परदेशातल्या बाजारासाठी त्या इतक्या उपसल्या गेल्या की ही वेळ आली. २०२० मध्ये लक्षद्वीपमध्ये खास त्यांच्यासाठी राखीव सागरी क्षेत्र जाहीर झालं. तेव्हा कोणी हळू आवाजात "आपल्याकडे आहे एक पीस" म्हणालं तर दुकानातून बाहेर पडावं. समुद्रघोडे आणि प्रवाळ यांनाही २००१ मध्येच संरक्षण मिळालं, हेही लक्षात असू द्या.

तिसरी उमेदवार, नासारियस गोगलगाय. बोराएवढी. दिवसभर वाळूत गाडून घेते आणि सोंडेसारखी एक नळी फक्त वर ठेवते. त्या नळीने वास घेते. मी टाकीत कोळंबीचा तुकडा टाकला की मिनिटाभरात वाळू ठिकठिकाणी फुटते आणि पंगतीची हाक ऐकल्यासारख्या या सगळ्या बाहेर येतात. ही शेवाळ खात नाही. हिचं जेवण म्हणजे उरलंसुरलं मांसाहारी अन्न, मेलेला किडा, मेलेला मासा. वाळूतल्या जिवंत वस्तीला ती सहसा धक्का लावत नाही. म्हणजे ती आपल्या ताटातलं उष्टं खाते, शेजाऱ्याचं ताट ओढत नाही. मात्र टाकीत मासे कमी असतील आणि आपण मोजून खाणं घालत असू तर हिलाही वेगळा घास द्यावा लागतो.

चौथी, सेरिथ गोगलगाय. लांबट, टोकदार, पेन्सिलच्या टोकासारखी. हिचे भाऊबंद खाडीच्या चिखलातही सापडतात. ती शेवाळ आणि कुजका गाळ खाते, रात्री काचेवर चढते, दिवसा वाळूत शिरते. सावकाश कामाची, पण नेमाने येणारी.

पाचवा, वाळूवर चरणारा शंख. दुकानात याला 'कॉंच' म्हणतात. दोन देठांवर दोन डोळे, आणि सोंड फिरवत वाळूवरची तपकिरी साय खात जातो. फार गोड प्राणी. पण मोठा होतो आणि त्याला मोकळी वाळू भरपूर लागते. शिवाय शंखांच्या काही जाती कायद्याने संरक्षित आहेत, त्यामुळे जात ओळखता आल्याशिवाय घेऊ नये. माझ्या बाकाएवढ्या वाळूवर त्याचं भागलं नसतं. त्याला मी नमस्कार करून निरोप दिला.

आणि सहावा, गोबी मासा. सहलीत मला ज्याने थांबवलं होतं तो याच चालीचा. खाडीकाठी उड्या मारणारे निवटे असतात ना, त्यांच्या गोतावळ्यातला. टाकीत ठेवतात तो नारिंगी ठिपक्यांचा, हाताच्या वितीपेक्षा थोडा लहान. तोंडभर वाळू उचलतो, आतल्या आत चाळतो, आणि कल्ल्यांच्या फटींतून स्वच्छ वाळू सांडतो. दिवसभर हेच. सगळ्यांत जलद काम याचं. मुलाखतीत कोणीही याला लगेच घेईल. पण पुन्हा तोच प्रश्न. हाही वाळूतली जिवंत वस्तीच खातो. ती संपली की त्याचं पोट खपाटीला जातं, आणि तरीही तो वाळू चाळत राहतो. पाहणाऱ्याला वाटतं, केवढा कामसू! तो बिचारा रिकामी भांडी पुन्हा पुन्हा उघडून बघत असतो.

तारामाशात आणि गोबीत एक फरक आहे. गोबीला आपण भरवू शकतो. तो वाळूवर पडलेलं अन्न उचलायला शिकतो. पण ते रोज, दोन-तीन वेळा, आणि त्याच्यापर्यंत पोहोचेल असं घालावं लागतं. वर तरंगणारं अन्न बाकीचे मासे वाटेतच संपवतात.

हे सगळं समजल्यावर मी काय केलं? आधी काहीच नाही. टाकी सुरू झाल्यावर सहा महिने वाळूत कोणी चाळणारा आणला नाही. रात्री टॉर्च घेऊन वस्ती वाढते का ते पाहत राहिले. घरच्यांना वाटलं, आईला काहीतरी झालंय. मग सहा नासारियस आणि पाच सेरिथ आणल्या. त्यांना टाकीत सोडायलाही घाई चालत नाही. पिशवीतल्या पाण्याची क्षारता वेगळी असते. बारीक नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंब थेंब त्यांच्या भांड्यात तासभर सोडायचं, सलाइन लावतात तसं. आणि आपल्या नाशिककरांसाठी एक खास सूचना: तांब्याच्या हंड्यातलं पाणी यासाठी वापरू नका. तांबट आळीचं नाव आपण अभिमानाने घेतो, पण आपल्याला आरोग्यदायी वाटणारं तांबं गोगलगाई आणि कोळंबीवर्गातल्या जीवांना मारतं. माशांच्या काही औषधांतही तांबं असतं. गोगलगाई असलेल्या टाकीत ते औषध कधीही घालायचं नाही.

एवढ्यावर माझी वाळू छान चालली होती. पंधरवड्यातून एकदा मी स्वतः नळीने एका कोपऱ्याची वाळू धुते, पुढच्या वेळी दुसऱ्या कोपऱ्याची. गोबीचा विचार मी सोडून दिला होता.

मग ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची परदेशात बदली झाली. त्याची टाकी मोडायची होती आणि तिच्यात एक गोबी होता. मासे वाटले गेले, गोबीला कोणी घेईना, कारण तो खंगलेला होता. डोक्यामागे पाठ बसलेली, पोट आत गेलेलं. "तुझ्याकडे वाळू आहे," तो म्हणाला, "नेतेस का?"

मी दोन दिवस मागून घेतले. दया आली म्हणून हो म्हणणं सोपं होतं. पण हो म्हणायचं तर त्याचा अर्थ रोज तीन वेळा खाणं, असा होता. सकाळी मी घालू शकते. संध्याकाळी मुलगी. दुपारी आम्ही कोणीच घरी नसतो, तर शेजारच्या ताई. दिवाळीत आम्ही देवळालीला येतो तेव्हा आठ दिवस कोण? टाकीवर जाळीचं झाकण आहे का, कारण हे मासे उडी मारून बाहेर पडतात. दगड काचेवर टेकलेले आहेत की वाळूवर, कारण हा दगडाखाली बीळ खणतो आणि वाळूवर ठेवलेला दगड त्याच्याच अंगावर कोसळतो. माझे दगड पहिल्यापासून तळाच्या काचेवर होते. झाकण शिवून घेतलं. ताईंनी होकार दिला. मग मी त्याला फोन केला.

गोबी आला आणि दगडाखाली जाऊन बसला. चार दिवस त्याने तोंड उघडलं नाही. आईने फोनवरून सल्ला दिला, "थोडा सुका जवळा घाल." सुका जवळा खारवलेला आणि तरंगणारा, त्याच्या काही कामाचा नव्हता. आम्ही गोठवलेली मायसिस कोळंबी वितळवून, लांब नळीच्या पिचकारीने त्याच्या दाराशी नेऊन सोडायचो आणि दिवा मालवून बाजूला व्हायचो.

त्या दिवसांत मला आपला वर्ग आठवत होता. आपल्याकडे लष्करातल्या बदल्यांमुळे वर्षाच्या मध्येच मुलं यायची. जालंधरहून, सिकंदराबादहून, कधी नोव्हेंबरात, कधी थेट जानेवारीत. कोणाला मराठीचा गंध नसायचा. बाई पहिले काही दिवस त्यांना फळ्याजवळ बोलवायच्या नाहीत, प्रश्न विचारायच्या नाहीत. डबा खाताना सोबत बसेल अशा कोणाच्यातरी शेजारी त्यांना बसवायच्या आणि वाट पाहायच्या. आठवड्याभरात ते पोर स्वतःहून काहीतरी बोलायचं. त्यातली तिघंजण आज इथे बसली आहेत आणि आता माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात.

पाचव्या दिवशी गोबीने पिचकारीच्या टोकासमोरची वाळू तोंडात घेतली. कल्ल्यांतून वाळू पडली, कोळंबी आत राहिली. मुलगी इतक्या मोठ्याने ओरडली की तो पुन्हा दगडाखाली गेला. पोट भरून यायला पाच आठवडे लागले. आता त्याला दोन वर्षं झाली. वाळू तो चाळतोच, पण मी त्याला सफाई कामगार म्हणत नाही. खरं सांगायचं तर त्याला घातलेल्या जादा खाण्यामुळे टाकीत घाणही वाढते आणि माझं नळीचं काम वाढलंय. तो आमच्याकडे राहतो, एवढंच.

हे सगळं मी का सांगतेय? यातले बहुतेक प्राणी आजही समुद्रातून पकडून आणलेले असतात. विदूषक माशांची पैदास टाकीत होते. आपल्या महाराष्ट्रातही, ऐरोलीला, तसं काम झालं आहे. वाळू चाळणाऱ्यांचं मात्र तसं नाही. कुठल्यातरी प्रवाळाजवळच्या वाळूतून उचललेला जीव पिशवीत बसून विमानाने आपल्या शहरात येतो आणि 'काही घालावं लागत नाही' या एका वाक्यावर विकला जातो. माझ्या व्यवसायात आम्हीही माणसांना 'रिसोर्स' म्हणतो. एवढे रिसोर्स लावा, हा रिसोर्स त्या प्रोजेक्टवर द्या. नाव तसं दिलं की पुढचे प्रश्न सुचत नाहीत. सफाई पथक म्हटलं की त्या पथकाचं जेवण कोणाच्या डोक्यात येत नाही.

म्हणून कोणी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणार असाल, तर दुकानात जाण्याआधी थोडा हिशोब करा. टाकी सहा महिन्यांची तरी झाली आहे का? दगड सोडून मोकळी वाळू किती? हा प्राणी उष्टं खाणारा आहे की वाळूतली वस्ती खाणारा? वस्ती संपल्यावर त्याला हाताने भरवता येतं का, आणि भरवणारं माणूस घरात रोज आहे का? त्याला बाळगणं कायद्यात बसतं का? दुकानात तो आपल्यासमोर खातो का, हेही पाहून घ्या. एवढ्या प्रश्नांनंतर बहुतेक टाक्यांसाठी उत्तर काही गोगलगाई आणि एक नळी एवढंच निघतं. त्यात कमीपणा काही नाही. वाळू थोडी तपकिरी दिसली तर दिसू द्या. समुद्राचा तळही काही धुऊन ठेवलेला नसतो.

आणि हिशोब करताना अडलात तर मला फोन करा. नंबर संयोजकांकडे आहे. फक्त एक विनंती, फोन खरेदीच्या आधी करा. दुकानदार पिशवीला रबर लावत असताना केलेल्या फोनवर मला काहीच उत्तर देता येत नाही.